धुतलेल्याच चादरी

१९ मार्च, गुरुवार

ही डायरी स्टेशनसमोरच्या हॉटेलने नव्या वर्षाची भेट म्हणून दिली, तेव्हापासून कपाटात कोरीच पडली होती. मला रोज लिहायला चादरींची वही पुरते. आल्या, गेल्या, फाटल्या. आज त्या वहीत लिहायला काहीच नाही आणि हात मात्र सवयीने पेन घेऊन बसलाय. म्हटलं, चला, इथे लिहू.

तिन्ही हॉटेलांचे फोन आले. साथीच्या भीतीने पाहुणे गेले, दारं बंद, पुढचं कळवतो. स्टेशनसमोरच्या हॉटेलच्या मॅनेजरने तेवढ्यातही मला ऐकवलंच, "आमच्या चादरी नीट झाकून ठेवा. मागच्या खेपेला एकीवर सुरकुती होती." या गृहस्थाला आम्ही सुरकुतीसाहेब म्हणतो. चादरीवरून बोट फिरवतो आणि एक सुरकुती लागली की सगळा गठ्ठा परत पाठवतो. माझे मिस्टर गेले तेव्हा भेटायला आला होता, तेव्हासुद्धा त्याचं लक्ष सोफ्याच्या कव्हरकडे होतं.

तिन्ही हॉटेलांच्या धुतलेल्या चादरी या घडीला आमच्याकडेच आहेत. मागच्या खोलीतली मांडणी छतापर्यंत भरलीये. स्टेशनसमोरच्यांच्या कोपऱ्यात लाल दोरा, तळ्याकाठच्यांच्या निळा, बसस्टँडजवळच्यांच्या हिरवा. घडी अशी पडली पाहिजे की दोरा बाहेर दिसेल. लाँड्रीत नवीन माणूस आलं की मी आधी हे शिकवते, पगार नंतर सांगते.

२४ मार्च, मंगळवार

आता सगळंच बंद. रस्त्याच्या मधोमध कुत्री ऐसपैस झोपलीत.

सकाळी सगळ्यांना खाली बोलावलं. सगळे म्हणजे रोलरवरच्या तिघी बहिणी, थोरली, मधली आणि धाकटी; बॉयलरवाले काका; आणि टेम्पोचा ड्रायव्हर, ज्याला आम्ही हॉर्न म्हणतो, कारण रिकाम्या रस्त्यावरसुद्धा तो हॉर्न वाजवल्याशिवाय वळत नाही. तोंडावर फडकी बांधून सगळे लांब लांब उभे. शेवटी थोरलीच म्हणाली, "बाई, एकदाचं सांगून टाका. कोणी यायचं आणि कोणी नाही?"

मी रात्रभर ठरवलं होतं काय बोलायचं ते. तिघींपैकी दोघींना तूर्त थांबायला सांगायचं होतं. तोंडातून निघालं भलतंच. "मी उभी आहे तोवर एकालाही घरी बसवणार नाही."

काकांनी डोळे पुसले. मी वर आले आणि कपाळाला हात लावला.

जिन्यात भावजी उभे होते. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतात, लग्नाच्या भानगडीत पडले नाहीत, आणि लहानपणापासून दमा. लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर आता आम्ही दोघंच असतो. म्हणाले, "वहिनी, येणार काहीच नाही आणि जाणार पाच पगार. हे जमायचं कसं?"

"ते तुम्ही पोरांना शिकवता ना? मग तुम्हीच सांगा."

गप्प बसले. एवढी पुस्तकं वाचून माणूस गप्प बसतो तेव्हा मला खरी भीती वाटते.

३० मार्च, सोमवार

मशीन बंद ठेवून चालत नाही. बॉयलरमध्ये क्षार धरतो, ड्रमचं रबर कडक होतं, आणि चादरींना इस्त्री करणारा तो मोठा रोलर महिनाभर फिरला नाही तर जागीच जाम होतो. माणसांचंही तसंच. धाकटी आज दारात बसून नुसती नखं कुरतडत होती.

मग मला सुचलं. मांडणीतल्या चादरी काढायच्या, धुवायच्या, इस्त्री करायची, घडी घालून परत ठेवायच्या. दर सोमवारी.

काकांनी तीनदा विचारलं, "बाई, धुतलेल्याच ना?"

"धुतलेल्याच."

"मग धुवायचं काय?"

"चादरी, काका. चादरी धुवायच्या."

भावजी हसून हसून खोकायला लागले. "वहिनी, याला उत्पादन म्हणत नाहीत. देशात कोणी काही विकत घेत नाहीये आणि तुम्ही स्वच्छ कापड स्वच्छ करताय." मी म्हटलं, तुमचं कॉलेज रिकाम्या वर्गाला शिकवायचा पगार देतंच ना, मग मीही देते. खरं सांगायचं तर मलाही मनातून ते खुळचटच वाटतंय. पण दुपारी रोलर फिरला, खोलीत वाफ भरली, तिघी बहिणी चादर दोन टोकांनी धरून झटकायला लागल्या तेव्हा बरं वाटलं. खळ मात्र वापरू दिली नाही. खळ संपली तर आणायची कुठून?

१६ एप्रिल, गुरुवार

शाळेच्या मोठ्या बाई आल्या होत्या. चौकातल्या शाळेत आता वर्ग नाहीत, आजाऱ्यांच्या खाटा आहेत. बाई दाराबाहेरच उभ्या राहून बोलल्या. आयुष्यभर मुलांवर ओरडून त्यांचा आवाज तसाही रस्त्याच्या पलीकडे जातो.

"खाटा मिळाल्या, गाद्या मिळाल्या, चादरी नाहीत. माणसं रेक्झिनवर झोपलीत, घामाने पाठी सोलवटल्या. तुमच्याकडे भिंतभर चादरी आहेत असं ऐकलं."

मी सांगितलं, त्या चादरी माझ्या नाहीत, हॉटेलांच्या आहेत. विश्वासाने ठेवल्यात. आणि त्या वापरून परत इथे येणार, वर माझे दमेकरी दीर राहतात. त्यांना काही झालं तर?

बाई म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं." आणि गेल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी काही चुकीचं बोलले नाही. तिघी बहिणी, काका, हॉर्न, सगळे ऐकत होते. भावजी जेवताना म्हणाले, "सुरकुतीसाहेबाला विचारून तर बघा." दोनदा फोन लावला. उचलला नाही. आता मी काय करणार? मी काही चुकीचं बोलले नाही.

२० एप्रिल, सोमवार

भावजींना अचानक लाँड्रीत रस आलाय. आज विचारत होते, पाणी किती गरम असलं की कपड्यातलं सगळं मरतं, आणि ब्लीच आधी घालायचं की नंतर. आयुष्यभर या माणसाने स्वतःचा रुमाल धुतला नाही. मी सगळं सविस्तर सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. म्हटलं, आता तरी कळेल नवऱ्यामागे मी काय सांभाळलंय ते.

मागच्या खोलीची किल्लीही मागून घेतली. "तुमचे गुडघे दुखतात, सकाळी मी उघडत जाईन." चांगलं आहे. मागच्या खोलीत आता मी क्वचितच जाते, चादरी बहिणीच काढून आणतात.

२७ एप्रिल, सोमवार

माणसं बदलतात यावर माझा विश्वास नव्हता. पण गेला आठवडाभर मी नऊला खाली उतरते तर पहिला ड्रम आधीच फिरत असतो. ही तीच मंडळी, जी एरवी मी हाका मारल्याशिवाय चहाच्या टपरीवरून हलायची नाहीत.

थोरली म्हणाली, "बाई, सोमवारी एकदाच धुवून मशीनला पुरत नाही. आठवड्यातून तीनदा करू. आणि पाणी चांगलं उकळतं ठेवू, पाइप मोकळे राहतील." मी म्हटलं, इंधन कोण देणार, तुझा सासरा? तर भावजी मध्येच म्हणाले, इंधन माझ्याकडे. त्यांचा पगार कापून निम्म्यावर आणलाय आणि हे इंधन देणार! मला भरून आलं. वरवर म्हटलं, पैसे जास्त झाले असतील तर आधी छत दुरुस्त करा.

हॉर्न रोज संध्याकाळी टेम्पोची एक फेरी मारून येतो. नाहीतर बॅटरी बसते म्हणे. तेही खरंच. आणि आश्चर्य म्हणजे हॉर्न वाजवत नाही. बिनआवाज येतो, बिनआवाज जातो. सुधारला.

९ मे, शनिवार

रेडिओवर सांगत होते, देशाची अर्थव्यवस्था एवढी आकसली की कित्येक वर्षांत अशी आकसली नव्हती. भावजी आलेख काढून समजावत होते. मला आलेख नको. मी खिडकीतून बघते. ट्रॅव्हल कंपनीच्या दुकानात आता कांदे-बटाटे मिळतात, मागे अजून समुद्राचं पोस्टर आहे. फोटो स्टुडिओवाला अंडी विकतो आणि गिऱ्हाइकाला सवयीने "जरा हसा" म्हणतो. साबणाचा घाऊक व्यापारी मला फोन करून विचारतो, "ताई, तुम्हीच घ्या ना थोडा, दुसरं कोणी घेत नाही." हॉटेल बंद म्हणून मी बसले, मी बसले म्हणून तो बसला, तो बसला म्हणून त्याच्याकडचे हमाल गावाला चालत गेले. एक धागा ओढला की अख्खी चादर आखडते.

आज एक भलतीच भानगड. इस्त्री झालेल्या चादरीवर पिवळट तपकिरी डाग. मी डाग बघून माणूस सांगते. चहाचा, केसांच्या तेलाचा, लिपस्टिकचा, नवराबायकोच्या भांडणाचा सुद्धा. पण धुतलेल्या चादरीवर डाग आलाच कुठून? विचार करून करून उलगडलं: गंज. बॉयलरचं पाणी गंजलंय. काकांना दोन दिवस बॉयलर उघडून घासायला लावलं. बिचारे एका शब्दाने बोलले नाहीत, नुसते घासत राहिले. मला वाटलं, अपराधी वाटत असेल त्यांना.

२० मे, बुधवार

ड्रमच्या जाळीत मुलीच्या केसांची पिन सापडली, वर पिवळं बदक. मधली म्हणाली, तिच्या पुतणीची असेल. घड्यांवर पांढरी भुकटी. मागच्या खोलीच्या भिंतीचा चुना गळतोय, दुसरं काय. उद्या भिंत खरवडून रंगवायला सांगितलीये. आणि चादरींना बामाचा वास! काकांना स्पष्ट सांगितलं, गुडघ्यांना बाम लावून घड्यांना हात लावायचा नाही. ते "बरं बाई" म्हणाले. वीस वर्षांत काकांना गुडघेदुखी आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

सगळ्यांत राग कशाचा आला सांगू? घडीत दोरा आत! एक नाही, चांगल्या सात-आठ चादरी. थोरलीला झापलं. ती मान खाली घालून म्हणाली, "नवीन हात आहेत बाई, शिकतील." कुठले नवीन हात? तेवढ्यात भावजी म्हणाले, "माझे." म्हणजे आता घड्याही घालायला लागले! हसू आलं. संध्याकाळी बसवून त्यांना दोरा बाहेर कसा ठेवायचा ते शिकवलं. मन लावून शिकले.

२ जून, मंगळवार

शिल्लक संपत आली. मिस्टरांची विम्याची रक्कम मोडली, तीही पगारात चालली. निम्मा पगार दिला. कोणी कुरकुर केली नाही, उलट धाकटी म्हणाली, "बाई, तुम्ही जेवता ना नीट?" अशा वेळी माणसाने रागवावं, म्हणजे समोरच्याला तोंड वर करता येतं.

सुरकुतीसाहेब अजून फोन उचलत नाही. तळ्याकाठचे उचलतात, बसस्टँडवाले उचलतात, रडगाणं गातात पण उचलतात. याला मात्र आमची गरज संपली. इतकी वर्षं त्याच्या एकेका सुरकुतीपायी आम्ही गठ्ठेच्या गठ्ठे पुन्हा इस्त्री केले. निर्लज्ज. हे लिहिताना पेन कागदात रुतलं.

१५ जून, सोमवार

रोलर विकायचा ठरवला.

दुसऱ्या शहरातला एक गृहस्थ घेणार आहे, त्याला कारखान्याचे कपडे मिळालेत. आलेल्या पैशांत वर्ष निघेल. तोवर हॉटेलं उघडतीलच.

भावजी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "रोलर विकून रोलरवरच्या बायकांना पगार देणार?"

"हो."

"आणि त्या काय करणार?"

"हाताने इस्त्री करतील."

"कशाला?"

"धुतलेल्याच चादरींना!" मी ओरडले. मग रडले. त्यांच्यासमोर मी कधी रडत नाही. ते उठून खिडकीपाशी गेले, मग म्हणाले, "वहिनी, मला तुम्हाला काही सांगायचंय." मी म्हटलं, आज काही नको. सल्ले तर अजिबात नकोत. तेव्हा थांबले.

मी शब्द दिलाय. रोलर गेला तरी चालेल, माणूस जायचा नाही.

२३ जून, मंगळवार

आजचं आजच लिहून टाकते.

रोलर घेणारा सकाळी आला. म्हणाला, चालवून दाखवा. तिघी बहिणी रोलरपाशी. त्याला दहाएक चादरी फिरवून बघायच्या होत्या. मी म्हटलं, आणते. थोरली धावलीच, "बाई, तुम्ही नका, मी आणते!" मधली दारात आडवी. मला वाटलं माझ्या गुडघ्यांची काळजी. तिला बाजूला केलं आणि मागच्या खोलीत गेले.

वरची चवड नेहमीसारखी, दोरे बाहेर, एकदम सुबक. ती ओढली. मागे भिंत.

दुसरी ओढली. मागे भिंत. सगळ्या मांडणीत पुढची एकेक रांग लावलेली आणि मागे सगळं पोकळ. नवीन रंग दिलेली भिंत मला हसत होती.

गिऱ्हाइकाला उद्या या म्हणून सांगून घालवलं. मग मी काय काय बोलले ते सगळं लिहवत नाही. चोर म्हणाले. दुसऱ्यांचा माल विकून खाल्लात म्हणाले. थोरली एवढंच म्हणाली, "एकही विकली नाही, बाई." मग कुठे आहेत? गप्प. काका बॉयलरकडे वळले. धाकटी रडतेय. मी म्हणाले, उद्यापासून तिघींनी यायचं नाही.

असं मी म्हणाले. मी.

जिन्यावरून भावजी उतरले. शेवटच्या पायरीवर थांबले. "वहिनी, या खोलीची किल्ली कोणाकडे असते?"

"तुमच्याकडे."

"मग चोर कोण?"

मग डोक्यात सगळं एकापाठोपाठ एक खटाखट बसत गेलं: उकळतं पाणी, बाम, औषधाचे डाग, खडूची भुकटी. खडू! चौकातली शाळा! आणि मी भिंत रंगवून घेतली.

"तुमचा दमा!" एवढंच सुचलं मला. "तुम्हाला काही झालं असतं म्हणजे?"

"म्हणूनच," भावजी म्हणाले. "वहिनी, मी पडलो असतो तर मलाही तिथेच नेलं असतं. रेक्झिनवर झोपवलं असतं. मोठ्या बाई परत गेल्या त्या दिवसापासून मला झोप लागेना. या सगळ्यांना मीच तयार केलं, आणि तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथही मीच घातली. तुम्ही भीतीने नाही म्हणाला होता, आणि ती भीती माझ्यासाठी होती. मग तुमच्याशी भांडायचं तरी कुठल्या तोंडाने?"

त्यांनी सांगितलं, मळक्या चादरी पिशवीत गाठ मारून येतात, हातमोजे घालून सरळ ड्रममध्ये जातात, पिशव्या काका जाळतात, आणि भावजी स्वतः त्या वेळी खाली येत नाहीत. सगळं मी सांगितलं होतं तस्संच. लिहून घेतलं होतं ना.

मी थोरलीपुढे उभी राहिले. म्हटलं, "चुकलं माझं." ती म्हणाली, "आमचंही, बाई. पण तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, आणि मग आम्ही तुमचा शब्द मोडून केलं असतं. त्यापेक्षा हे बरं वाटलं." मग तीच माझ्या पाठीवर हात ठेवणार होती, पण लांब राहायचं आठवलं आणि मागे सरली.

हॉर्नला म्हटलं, टेम्पो काढ. वळणावर त्याने हॉर्न वाजवला नाही. मी म्हटलं, "वाजव की आता, कोणापासून लपायचंय?"

"मावशी, तिथे माणसं झोपलेली असतात."

शाळेत आत सोडलं नाही. खिडकीतून पाहिलं. फळ्यावर अजून बेरीज-वजाबाकी, आणि खाली ओळीने खाटा. लाल, निळा, हिरवा, सगळे दोरे पायथ्याच्या डाव्या कोपऱ्यात. असं अंथरायला मीच शिकवलं होतं थोरलीला. आत कोणी कण्हत होतं, कोणी झोपलं होतं. मी तिथे उभी राहून हमसून हमसून रडले.

मोठ्या बाई आल्या. त्या ओशाळतील असं मला वाटलं होतं. कसल्या ओशाळतात! म्हणाल्या, "आलात? उशीर केलात." मग म्हणाल्या, गावातल्या आणखी दोन शाळांमध्ये खाटा आहेत, तिथे चादरी हातपंपावर धुतात आणि दोन दिवस वाळत नाहीत. नगरपालिकेचं कार्यालय पैसे देईल, थोडेच देईल. करणार का?

धुलाईचा दर हॉटेलांच्या निम्मासुद्धा नाही. पाचही जणांना पगार देऊन माझ्या हातात काही उरणार नाही. पण रोलर फिरेल, आणि या वेळी मळून धुतलेल्या चादरींवर फिरेल.

समोर दोन स्वयंसेवक मुली वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होत्या. दोरा आत. मी म्हटलं, "अशी नाही." बाई म्हणाल्या, "मग दाखवा की."

रोलरच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं. संध्याकाळी तिन्ही हॉटेलांना फोन केला आणि तुमच्या चादरी मी न विचारता वापरल्यात म्हणून सांगितलं. तळ्याकाठचे म्हणाले, वापरा. बसस्टँडवाल्यांनी आधी फाटल्या किती ते विचारलं आणि मग म्हणाले, वापरा. सुरकुतीसाहेबाचा फोन वाजत राहिला.

२५ जून, गुरुवार

आज दोरा बाहेर ठेवायला मुलींना शिकवायला गेले होते. व्हरांड्यात बऱ्या होत आलेल्या माणसांना उन्हात खुर्च्यांवर बसवतात. एका कडेला एक म्हातारा, गालफडं बसलेली, दाढी वाढलेली, गुडघ्यांवर चादर. मी त्याच्यासमोरून दोनदा गेले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा तो चादरीवरून एक बोट फिरवत होता. हळूहळू, कडेकडेने. त्या बोटावरून ओळखलं.

मी लांबूनच म्हटलं, "साहेब?"

सुरकुतीसाहेबाने वर बघितलं. मला ओळखायला त्याला थोडा वेळ लागला. तोंड झाकलेलं ना. मग म्हणाला, "फोन हॉटेलातला, उचलायला मी एकटाच होतो. मी तिथेच राहायचो, मागच्या खोलीत. तुम्ही केला असेल."

"केला," मी म्हटलं. मी डायरीत त्याला काय काय म्हटलंय ते आठवून कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"इथे आणलं तेव्हा मला शुद्ध नव्हती. जाग आली तर पायथ्याला हा दोरा दिसला. लाल. म्हटलं, आपण हॉटेलातच आहोत, खोली कोणीतरी नीट ठेवलीये. तेव्हा जरा धीर आला." तो दम घ्यायला थांबला. "हॉटेल काही आता उघडायचं नाही. मालकांनी निरोप पाठवला."

मी म्हटलं, चादरी तुमच्याच आहेत, परत हव्या तर सांगा. त्याने मान हलवली, नको म्हणून. मग म्हणाला, "पण यांना काय केलंत तुम्ही? आमच्याकडे कधी एवढ्या मऊ नव्हत्या."

"खळ नव्हती. आणि पुष्कळदा धुतल्यात."

"किती?"

"मोजलं नाही. आधी उगीच धुतल्या, मग उगीच नाही."

त्याला काय कळलं कोण जाणे. पुन्हा बोट फिरवायला लागला. फिरवता फिरवता एका जागी थांबला.

"इथे सुरकुती आहे," तो म्हणाला.

"द्या मग. संध्याकाळी टेम्पो आहे, परत घेऊन जाते."

त्याने चादर दोन्ही हातांनी छातीपर्यंत ओढून घेतली. "राहू द्या," तो म्हणाला. "चालेल."

या माणसाच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दोन शाळांचे गठ्ठे आलेत. काका बॉयलर पेटवतायत, थोरली हाका मारतेय. चादरींची वही खाली नेते. तिच्यात लिहायचं आहे.